‘मित्राची गोष्ट’ : गोष्ट कुणाची? मराठी रंगभूमी व चित्रपट यांतील समलिंगी स्त्रीचे दर्शन आणि निवेदकाचा प्रश्न

मराठी साहित्यात समलिंगी स्त्रीचे चित्रण अत्यल्प आहे, हे विधान अनेकदा केले जाते आणि संख्येच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु ‘अत्यल्प’ म्हणून विषय संपवला, म्हणजे जे चित्रण उपलब्ध आहे ते कोणत्या स्वरूपाचे आहे, हा वाङ्मयीनदृष्ट्या अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. एखादी व्यक्तिरेखा रंगमंचावर वा पडद्यावर दिसणे आणि तिने स्वतःविषयी बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठीत समलिंगी स्त्री दिसली ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी निवेदनातून. कधी मित्राच्या, कधी अधीक्षिकेच्या, तर कधी संपादकाच्या. विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक (१९८१), जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ हा चित्रपट (१९८२) आणि ‘बायोस्कोप’ (२०१५) या चित्रपटातील रवी जाधव दिग्दर्शित ‘मित्रा’ हा लघुपट, या तीन कृतींच्या आधारे या निवेदन-व्यवस्थेचा विचार करणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे. तुलनेसाठी चिनी भाषेतील काही कृतींचा संदर्भ घेतला आहे.

१. पूर्वपीठिका : १९३४ मधील दोन घटना

मराठी स्त्रीच्या आत्मकथनाची परंपरा दुबळी नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. नारायण वामन टिळकांबरोबरच्या संसारातील अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व राहुरी येथील दिवस या ग्रंथात बोलत्या भाषेत उतरले आहेत. औपचारिक शिक्षण जेमतेम लाभलेल्या स्त्रीने स्वतःच्या संसाराची, पतीच्या लहरींची आणि धर्मांतरामुळे झालेल्या ताटातुटीची हकिकत कुणाच्याही मध्यस्थीवाचून सांगितली, आणि मराठी गद्याने तिला आपल्या अग्रस्थानी मानले. नगर जिल्ह्यातील अभ्यासकाला तरी हे निराळे सांगावयास नको.

त्याच १९३४ साली मुंबईत र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला चालला. १९२७ पासून कर्वे हे मासिक चालवीत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यांत हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या शंकांनाही, त्यांनी दिलेली उत्तरे हा या खटल्याचा विषय होता. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. लोकांना लैंगिक प्रश्न पडत असतील तर त्यांची शास्त्रीय उत्तरे देण्यात अश्लीलता नाही, अशी त्यांची भूमिका होती. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचाही आधार त्यांनी घेतला. खटला कर्वे हरले व त्यांना दंड झाला.

या दोन घटना एकाच वर्षी घडल्या हा योगायोग आहे; त्यातून कार्यकारणभाव काढण्याचे कारण नाही. तथापि त्या शेजारी ठेवल्या असता मराठी गद्यातील एक विभागणी स्पष्ट होते. संसारी स्त्रीला प्रथमपुरुषी निवेदन उपलब्ध झाले होते. समलिंगी संबंधाला मात्र शंका-समाधानाचे सदर उपलब्ध झाले, आणि तेही दंडास पात्र ठरले. शंका विचारणारा निनावी, उत्तर देणारा तज्ज्ञ. या विषयाची मराठीतील एक प्रारंभीची व्यवस्था ही अशी आहे. ती उदार असली तरी तिच्यात विचारणाऱ्या व्यक्तीचे चरित्र येत नाही, फक्त तिची अडचण येते.

२. शीर्षकातील षष्ठी

‘मित्राची गोष्ट’ हे शीर्षक मराठी व्याकरणाच्या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. नायिकेचे नाव सुमित्रा देव, तिला हाक मारायचे नाव ‘मित्रा’. त्यामुळे ‘मित्राची गोष्ट’ म्हणजे मित्रा नावाच्या मुलीची गोष्ट. परंतु ‘मित्र’ या पुल्लिंगी शब्दाचे सामान्यरूपही ‘मित्रा’ असेच होते. त्यामुळे ‘एका मित्राची गोष्ट’ असाही अर्थ निघतो. मैत्रीण म्हटले असते तर ‘मैत्रिणीची’ म्हणावे लागले असते. इथे स्त्रीला पुल्लिंगी नाम चिकटले आहे. यापलीकडे तिसरा अर्थ असा की षष्ठीचा प्रत्यय जसा गोष्टीचा विषय दाखवितो तसा गोष्टीचा मालकही दाखवितो. आजीची गोष्ट म्हणजे आजीने सांगितलेली गोष्ट. त्या न्यायाने ही मित्राने, म्हणजे बापूने सांगितलेली गोष्ट ठरते. नाटकाच्या इंग्रजी भाषांतराला ‘अ फ्रेंड्स स्टोरी’ हे नाव मिळाले. त्यात मालकीची संदिग्धता राहिली, पण नायिकेचे नाव गेले आणि लिंगाचा प्रश्नही पुसला गेला.

नाटकाची रचना या तिसऱ्या अर्थाला बळ देते. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन जीवनाची पार्श्वभूमी असलेल्या या नाटकाचा निवेदक श्रीकांत मराठे ऊर्फ बापू हा आहे. संकोची, स्वतःविषयी न्यूनगंड बाळगणारा हा तरुण मित्राकडे ओढला जातो. आपले आकर्षण स्त्रियांकडे आहे, हे ती त्याला सांगते. तिचे नमा देशमुख या मुलीवर प्रेम आहे. नमाचा प्रियकर मन्या दळवी हा दोघींच्या संबंधाचा सूड घेतो. दोघींच्या भेटीसाठी बापू आपली खोली देतो, मित्राचा विश्वास सांभाळतो. परंतु अखेरीस तिला ज्या क्षणी आधाराची गरज आहे त्या क्षणी तो तिच्यापासून दूर होतो. मित्रा आत्महत्या करते. प्रेक्षकाला हे सर्व बापूच्या आठवणीतून कळते.

मूळ प्रयोगात मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. त्या भूमिकेमागे मराठी रंगभूमीची दीर्घ परंपरा होती. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचे मराठी प्रेक्षकाला वावडे नव्हते. बालगंधर्वांचे युग त्याच्या स्मरणात होते. पुढे स्त्रियांच्या नाटक मंडळ्यांमधून स्त्रियाच पुरुषभूमिकाही करीत. ‘मित्राची गोष्ट’मध्ये महाविद्यालयाच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते आणि नमा तिची नायिका होते. नाटकातील नाटकाच्या आडून दोघींची जवळीक सुरू होते. म्हणजे रंगभूमीने आजवर जे वेषांतर करमणूक म्हणून स्वीकारले होते, त्याच वेषांतराच्या आत खरी ओढ असू शकते, असे तेंडुलकर सूचित करतात. या नाटकाचे धैर्य निव्वळ विषयाच्या निवडीपेक्षा इथे अधिक दिसते.

३. बापूचा दोष आणि नाटकाची मर्यादा

बापूला निवेदक करण्यात तेंडुलकरांचा हेतू काय असावा? एक स्पष्टीकरण असे की १९८१ च्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला मित्रापर्यंत नेण्यासाठी त्याच्यासारखाच एक सभ्य, भित्रा, सहानुभूती बाळगणारा मध्यस्थ आवश्यक होता. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही, पण अपुरे आहे. तेंडुलकरांच्या नाटकांत सभ्य माणसाची तपासणी हा नेहमीचा विषय आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये बेणारेबाईंचा न्याय करणारे सर्व सभ्यच आहेत. बापूही त्याच रांगेतला, मात्र तो प्रेमाने न्याय करतो. नाटकाच्या शेवटी मित्रा निवाड्याला उभी नसते, उभा असतो तो बापू. मित्राला समाजाने छळले हे तर खरेच, पण ज्याने तिला समजून घेतले होते त्यानेही दार लावून घेतले, ही या नाटकातील खरी शोकांतिका आहे.

मात्र इथेच नाटकाची मर्यादाही आहे. बापूचा अपराधभाव केंद्रस्थानी आला की मित्राचे जगणे त्याच्या पश्चात्तापाचे साधन होते. तिच्या देहात, तिच्या एकांतात काय घडत होते याची साक्ष फक्त तिने बापूला जेवढे सांगितले तेवढीच. नमा तर त्याहून दूर राहते. तिला मित्रा हवी होती की नको होती, भीती अधिक होती की ओढ, याचे उत्तर नाटकात मिळत नाही, कारण बापूला ते माहीत नाही. दोन स्त्रियांच्या प्रेमाची ही कथा, आणि त्या दोघीच एकमेकींशी काय बोलल्या हे प्रेक्षकाने एका तरुणाच्या ऐकीव माहितीवरून ठरवायचे आहे.

४. ‘उंबरठा’ : संस्थेची नजर

शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘उंबरठा’ या चित्रपटाची पटकथा तेंडुलकरांचीच. ‘मित्राची गोष्ट’ नंतर अवघ्या एका वर्षाने तो प्रदर्शित झाला. स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा महाजन घराचा उंबरठा ओलांडून महिलाश्रमाची अधीक्षिका होते. आश्रमातील भ्रष्टाचार, व्यवस्थापनाची उदासीनता आणि स्त्रियांची कुचंबणा यांच्याशी ती झुंजते. आश्रमातील दोन स्त्रियांमधील समलिंगी संबंध हा या चित्रपटातील एक छोटा प्रसंग आहे.

या प्रसंगात इतर आश्रमवासी स्त्रियांचा रोष व्यक्त होतो. सुलभाची भूमिका त्यांच्याहून सौम्य आहे. ती शिक्षेचा नव्हे तर उपचाराचा विचार करते. तत्कालीन सुशिक्षित सहानुभूतीची सीमा इथे दिसते. ज्या नायिकेने स्वतःच्या स्त्रीत्वाविषयीची समाजाची व्याख्या नाकारली, तिलाही या दोघींकडे ‘रोगी’ म्हणूनच पाहता येते. बापू मित्र होता, सुलभा अधिकारी आहे; त्यामुळे त्या दोघींचे बोलणे तिच्या टेबलापर्यंत पोचते ते तक्रार म्हणून. ‘समाजस्वास्थ्य’च्या सदरात जसा एक प्रश्न आणि एक तज्ज्ञ होता, तसाच इथे एक प्रसंग आणि एक संस्था आहे. उंबरठ्यापलीकडे जाण्याचा हक्क मागणाऱ्या चित्रपटात त्या दोघींसाठी उंबरठ्यापलीकडे केवळ दुसरी कोंडवाड्याची खोली उरते, ही विसंगती चित्रपटाच्या गौरवात सहसा नोंदविली गेली नाही.

५. शब्दांचा प्रश्न आणि चिनी भाषेतील उदाहरण

निवेदनाच्या या प्रश्नाशी शब्दांचा प्रश्न निगडित आहे. मराठीत या विषयासाठी जे शब्द रूढ झाले, ते बाहेरून पाहणाऱ्याचे आहेत. ‘समसंभोग’ हा शब्द कृतीविषयी बोलतो. ‘समलिंगी’ हा शरीराविषयी. त्यांतला एकही शब्द एखाद्या स्त्रीने दुसरीला मारलेल्या हाकेतून आलेला नाही. याउलट स्त्रियांच्या परस्पर जिव्हाळ्याचे शब्द मराठीत विपुल आहेत : सखी, गडणी, मैतरणी, जिवाची मैत्रीण. जात्यावरच्या ओव्यांत हे शब्द वारंवार येतात. जात्याचा खुंटा दोघींनी धरावा, समोरासमोर बसावे आणि गुज सांगावे, ही त्या ओव्यांची स्वाभाविक परिस्थिती आहे. त्या ओव्यांवर आजचा अर्थ लादणे हे अभ्यासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. इतकेच म्हणता येईल की मराठी स्त्रीच्या मौखिक परंपरेत मैत्रिणीला उद्देशून प्रथमपुरुषी बोलण्याची रीत जुनी आहे, आणि लिखित परंपरेने ती या विषयाच्या संदर्भात वापरली नाही. वृत्तपत्रांनी मात्र ‘मैत्रीण’ हा शब्द निराळ्या रीतीने वापरला. दोघींनी एकत्र जीव दिल्याच्या बातमीत त्या ‘मैत्रिणी’ असतात. तो शब्द तिथे सांगण्यासाठी नव्हे, झाकण्यासाठी येतो.

चिनी भाषेत या बाबतीत काय घडले हे पाहणे उद्बोधक ठरेल. ‘तोंगझी’ हा ‘कॉम्रेड’ या अर्थाचा राजकीय शब्द. १९८९ साली हाँगकाँगमधील नाट्यकर्मी एडवर्ड लॅम यांनी तो समलिंगी विषयावरील चित्रपट महोत्सवाच्या नावात योजला आणि तो सर्वत्र रुळला. स्त्रियांसाठीचा शब्द याहून निराळ्या मार्गाने आला. तैवानमधील लेखिका छ्यू म्याओजिन यांची ‘मगरीची टिपणे’ या अर्थाचे शीर्षक असलेली कादंबरी १९९४ साली प्रसिद्ध झाली. विद्यापीठात शिकणारी, स्त्रीवर प्रेम करणारी तरुणी तिची निवेदक आहे. तिचे टोपणनाव ‘लाझी’. लेखिकेने १९९५ साली पॅरिसमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आत्महत्या केली. परंतु तिच्या निवेदकाचे टोपणनाव मागे राहिले. स्त्रियांनी ते स्वतःसाठी घेतले, आणि मुख्य भूमीवर त्याचेच ‘लाला’ हे रूप प्रचारात आले.

‘लाझी’ आणि ‘मित्रा’ ही दोन्ही टोपणनावे. दोन्ही कथांना विद्यापीठीय तारुण्याची पार्श्वभूमी आहे, दोन्हींवर मृत्यूची छाया आहे. मग एक नाव हजारो स्त्रियांचे झाले आणि दुसरे एका व्यक्तिरेखेपुरते राहिले, असे का व्हावे? सामाजिक कारणे अनेक देता येतील. तैवानमध्ये १९८७ साली लष्करी कायदा उठल्यानंतर चळवळींना अवकाश मिळाला, हे त्यांतील प्रमुख. परंतु वाङ्मयीन कारणही दुर्लक्षिण्याजोगे नाही. लाझी स्वतः बोलते. तिचे नाव घेणे म्हणजे तिच्या जागी उभे राहून ‘मी’ म्हणणे. मित्राचे नाव बापू घेतो. ते नाव उच्चारणारी वाचक स्त्री मित्राच्या जागी जात नाही. ती बापूच्या शेजारी प्रेक्षक म्हणून बसते.

चित्रपटाच्या क्षेत्रातही मुख्य भूमीवरील उदाहरण उल्लेखनीय आहे. ली यू दिग्दर्शित ‘फिश अँड एलिफंट’ (२००१) या चित्रपटाची नायिका बीजिंगच्या प्राणिसंग्रहालयात हत्तीची देखभाल करते. आई तिच्यासाठी स्थळे पाहते आहे. व्यावसायिक नट न घेता केलेला हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला; चीनमध्ये त्याला सार्वजनिक प्रदर्शन लाभले नाही. त्यातील प्रमुख भूमिकांपैकी एक करणाऱ्या चित्रकार शी तोऊ यांनी २००० च्या अखेरीस हुनान उपग्रह वाहिनीवरील चर्चेत समलिंगी स्त्री म्हणून स्वतः भाग घेतला होता. मराठी वाचकाला या चित्रपटातील सर्वाधिक परिचित भाग वाटेल तो आई, मुलगी आणि स्थळ हा त्रिकोण. तिथे मध्ये कुणी बापू नाही. आईला सांगावे लागते ते मुलीलाच. अर्थात दृश्यमानता एकदा मिळाली की ती टिकतेच असे नाही. २०१६ साली चीनमध्ये दूरचित्रवाणी मालिकांसाठी जे नियम झाले त्यांत समलिंगी संबंधांचे चित्रण निषिद्ध ठरविण्यात आले.

६. ‘फायर’ नंतर

भारतात हा विषय सार्वजनिक वादात आला तो दीपा मेहता यांच्या ‘फायर’ (१९९६) या चित्रपटामुळे. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईतील चित्रपटगृहांवर शिवसैनिकांनी हल्ले केले व खेळ बंद पडले. चित्रपट पुन्हा परीक्षण मंडळाकडे गेला आणि १९९९ च्या प्रारंभी पुन्हा प्रदर्शित झाला. त्याच डिसेंबरात दिल्लीतील निदर्शनांत स्त्रिया आपण भारतीय आहोत आणि समलिंगीही आहोत असे सांगणारे फलक घेऊन उभ्या राहिल्या. मुंबईत १९९५ पासून ‘स्त्री संगम’ हा गट कार्यरत होता. अश्विनी सुखठणकर यांनी संपादित केलेले ‘फेसिंग द मिरर’ हे भारतीय समलिंगी स्त्रियांच्या लेखनाचे संकलन १९९९ साली निघाले, ते इंग्रजीत. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक’ ट्रस्टची स्थापना केली आणि मराठीत सातत्याने लेखन केले. म्हणजे बोलणाऱ्या स्त्रिया नव्हत्या असे नाही. परंतु त्यांचे प्रथमपुरुषी लेखन प्रामुख्याने इंग्रजीकडे वळले, आणि मराठी वाङ्मयव्यवहाराने त्यांना बोलाविल्याचे दिसत नाही.

या पार्श्वभूमीवर ‘बायोस्कोप’मधील ‘मित्रा’ या लघुपटाचे स्थान पाहावे लागते. तेंडुलकरांच्या कथेवर आधारित हा कृष्णधवल लघुपट स्वातंत्र्यप्राप्तीच्या उंबरठ्यावरील काळ उभा करतो. वीणा जामकर व मृण्मयी देशपांडे यांच्या त्यात भूमिका आहेत. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट लघुकथापटाचा पुरस्कार मिळाला. शीर्षकातील ‘ची गोष्ट’ गळून केवळ ‘मित्रा’ हे नाव उरले, हा बदल सूचक आहे. कॅमेऱ्यालाही रंगमंचावरील निवेदकाची तितकी गरज नसते. चेहरा जवळून दाखविता येतो, आणि नटीची शांतताही बोलते. देशाला स्वातंत्र्य मिळत असताना एका मुलीला ते मिळत नाही, ही रचना प्रेक्षकाला सहज भिडते. तरीही २०१५ साली समलिंगी स्त्री दाखविण्यासाठी मराठी चित्रपटाला पुन्हा १९८१ च्या मित्राकडे आणि तिच्या स्वातंत्र्यपूर्व काळाकडे जावे लागले, ही गोष्ट नोंदविणे भाग आहे. भूतकाळात ठेवलेली व्यक्तिरेखा प्रेक्षकाला हळहळण्याची मुभा देते. तिच्याशी आजचा व्यवहार करण्याची वेळ आणत नाही.

पुरुषांच्या बाबतीत चित्र थोडे पुढे गेले आहे. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत भाऊ व बहीण दोघेही आपापल्या आवाजात बोलतात. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या ग्रामीण महाराष्ट्रात घडणाऱ्या चित्रपटाला २०२५ साली सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला तरुण आहे, बालमित्र आहे, आणि आईही आहे. या कथेत कुणी मरून धडा देत नाही. गावाकडच्या स्त्रीची अशी कथा मराठी पडद्यावर यावयाची आहे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते रद्दबातल ठरविले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. कायद्याचा हा प्रवास वर्गात सांगता येतो. परंतु साहित्याच्या अध्यापकापुढील प्रश्न निराळा आहे. अकोले, पाथर्डी वा जामखेडच्या महाविद्यालयात मराठी शिकणाऱ्या, घरात स्थळे पाहणे सुरू झालेल्या एखाद्या विद्यार्थिनीला आपल्या भाषेत स्वतःसारखी कोणी सापडावी म्हटले, तर तिला काय सापडते? एक मृत मित्रा, एका आश्रमातील दोन अपराधी स्त्रिया आणि मासिकातील निनावी शंका. आपल्यासारखीचा शेवट असाच होतो, हा निष्कर्ष तिने काढला तर दोष तिच्या वाचनाचा नाही.

म्हणून ‘मित्राची गोष्ट’ शिकवू नये असा याचा अर्थ नव्हे. ते नाटक शिकवावे, मात्र ते ‘समलिंगी स्त्रीची समस्या’ या शीर्षकाखाली नव्हे, तर निवेदकाचा प्रश्न म्हणून शिकवावे. बापूला काय माहीत नव्हते? नमाने ही गोष्ट सांगितली असती तर ती कोठून सुरू झाली असती? मित्रा जगली असती तर तिने बापूविषयी काय लिहिले असते? हे प्रश्न वर्गात विचारले की नाटकातील मौनाच्या जागा दिसू लागतात, आणि विद्यार्थिनीला मित्राच्या मृत्यूऐवजी तिच्या न बोललेल्या वाक्यांकडे पाहण्याची वाट मिळते. त्याच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ ठेवावे. ज्यांच्याविषयी इतरांनीच बोलावे असे समाजाने ठरविले होते, त्या स्त्रियांनी मराठीत ‘मी’ म्हटले आणि भाषेने ते ‘मी’ सामावून घेतले, याचा पुरावा या ग्रंथांत आहे.

तेंडुलकरांनी मराठी प्रेक्षकाला १९८१ साली जिथवर आणले, ते अंतर लहान नव्हते. पण बापूला जेवढे सांगता आले तेवढेच त्याने सांगितले. मित्राने स्वतः सांगितलेली गोष्ट, आणि नमाने सांगितलेलीही, मराठीत लिहिली जाणे अद्याप बाकी आहे.